जास्तीचा इसार

अकोल्याहून पातूरकडे निघालं, की डाव्या हाताला रस्त्यापासून जरा आत मैनाबाईचं वावर लागतं. पावसाळा सरत आला की ते केशरी दिसू लागतं. एसटीतले लोक खिडकीतून बोट दाखवतात, क्वचित कोणी उतरून फोटोही काढतं. फुलं पिकवतो तिचा नवरा खुशालराव. रोपं लावणं, शेंडे खुडणं, पाण्याची पाळी, हे सगळं त्याचं. तोंड उघडायचं काम मात्र मैनाबाईचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी खुशालरावानं एकट्यानं झेंडू विकला होता. किती मागितले होते, असं तिनं घरी आल्यावर विचारलं, तर तो म्हणाला, त्यानं सांगितलं ते घेतलं. त्या दिवसापासून सौदा मैनाबाईकडे आला आणि तीस वर्षं तिच्याकडेच राहिला.

झेंडूचा सौदा त्या भागात उक्ता होतो. फूल तोडून तोलून विकायचं नाही. झाडावर असतानाच व्यापारी अख्खं वावर पाहतो आणि एका तोड्याची मिळून एकच किंमत ठरते. एका लागवडीचे मोठे तोडे दोन, एक दसऱ्याचा आणि दुसरा दिवाळीचा. भाव ठरला की व्यापारी इसार देतो. इसार म्हणजे शब्द पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली आगाऊ रक्कम. ठरला तेवढाच इसार घ्यायचा. कमी घेतला तर सौदा झाला नाही. जास्त घेतला आणि दिवस मावळायच्या आत परत केला नाही, तर व्यापाऱ्यानं पुढच्या तोड्यावरही हात ठेवला, असं धरतात. कागदावर हे कुठं लिहिलेलं नाही. पण जास्तीचा इसार रात्रभर घरात ठेवून सकाळी दुसऱ्याला माल देणाऱ्या माणसाच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पुढच्या वर्षी कोणी गाडी थांबवत नाही.

मैनाबाईच्या धुऱ्यावर गाड्या थांबत. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती झाकूनही ठेवत नसे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांचं विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सून दीपमालानं वावराचे फोटो काढून फूलवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकले होते आणि खाली सासूचा नंबर दिला होता. दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस नागपूरहून बोलतोय म्हणाला. मंडप सजवायची कामं करतो, दसऱ्याला देवीच्या मोठ्या मंडपाचं काम हाती आहे, फोटो पाहिला, फूल आवडलं. पुण्याकडच्यासारखी स्वच्छ भाषा होती आणि विचारत होता ते सगळं नेमकं होतं. लागवड कधीची, बोंड केवढं भरतं, रंग पक्का केशरी की पिवळ्यावर जातो. मैनाबाई खूश झाली. फुलाबद्दल एवढं विचारणारा व्यापारी तिला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. तिनं भाव सांगितला, त्यानं घासाघीस केली, तिनं थोडं सोडलं, त्यानं थोडं वाढवलं. इसार पाच हजार ठरला.

मग त्यानं दिवाळीच्या तोड्याचं विचारलं. तो दिलेला आहे, मैनाबाईनं सांगितलं. अकोल्याच्या जुन्या शहरात राजेश्वराच्या मंदिराजवळ पार्बताबाई हार-तोरणं विकते, दिवाळी तिची. कोणी जास्त भाव देत असेल तर, असं त्यानं सहज विचारलं. तेव्हा मैनाबाईनं त्याला सगळा रिवाज समजावला. कमी इसाराचं काय, जास्तीच्या इसाराचं काय, दिवस मावळण्याचं काय. तो मन लावून ऐकत होता, मधे एक शंकाही विचारली त्यानं. आपल्या घरचा रिवाज परक्या माणसाला सांगताना आवाज थोडा चढतो, तसा तिचा चढला होता.

पुढे तिचा मुलगा कुंदन म्हणाला, की आईनं त्या माणसाची शिकवणीच घेतली. ते खोटं नव्हतं.

थोड्याच वेळात फोनवर संदेश आला. पन्नास हजार जमा. मैनाबाईला आकडे चांगले वाचता येतात. तिनं शून्यं बोटानं मोजली. तेवढ्यात त्याचाच फोन. तो हसत होता. म्हणाला, मावशी, गडबडीत एक शून्य जास्त पडलं वाटतं माझ्याकडून. आणि मग, अगदी गमतीनं बोलावं तसं: "पण आता तुमच्या नियमानं दिवाळीही आमचीच झाली म्हणायची. राहू द्या पैसे. दिवाळीचा भाव उद्या ठरवू."

त्यानं पैसे परत मागितले असते, तर मैनाबाई एखादवेळेस थांबली असती. संध्याकाळी मुलगा आला की पाहते, म्हणाली असती. पण तो ठेवा म्हणत होता. ऊन कलायला लागलं होतं आणि पार्बताबाईचा तोडा दुसऱ्याच्या हाताखाली जात होता.

"नाई नाई," ती म्हणाली. "पाच ठरले न, पाचच ठेवतो मी. वरचे आताच्या आता वापस घ्या."

त्यानं आढेवेढे घेतले. एवढी काय घाई, म्हणाला. तिनं ऐकलं नाही. शेवटी तो नाइलाज झाल्यासारखा म्हणाला, की बरं, मग याच नंबरवर पाठवा. उन्हाळ्यातल्या काकडीचे आणि गणपतीतल्या निशिगंधाचे पैसे खात्यात होते. तिनं पंचेचाळीस हजार पाठवले, आपला गुप्त आकडा टाकून, कोणाची मदत न घेता. हात जोडल्याचं चित्र आलं त्याच्याकडून. मग ती वावरात गेली आणि खुशालरावाला म्हणाली, की एक घोळ होता होता वाचला.

चहाच्या वेळी तिनं ते सुनेलाही सांगितलं. दीपमालानं गॅस बारीक केला आणि फोन मागितला. तिनं संदेश पाहिला. बँकेच्या नावानं लिहिलेला होता, पण आला होता एका साध्या मोबाइल नंबरवरून. तिनं सासूकडून खातं उघडून घेतलं. पन्नास हजार कुठंच आले नव्हते. गेलेले तेवढे दिसत होते. दीपमालानं ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला, विचारलं ते सगळं सांगितलं, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. नागपूरवाल्याचा फोन आता लागत नव्हता. चहा गॅसवर आटून गेला.

कुंदन अकोल्याला एका कृषी केंद्रात कामाला होता. दिवेलागणीला मोटारसायकलवरून आला, तेव्हा त्याला कळलं. तो ओरडला नाही. जेवला, हात धुतले, मग म्हणाला, "आई, आता सौद्याचं मी पाह्यतो. तू काई मनाले लावून घेऊ नोको. बँकेचंही माह्या नंबरवर करून घेऊ."

त्याच्या बोलण्यात राग असता तर तिनं उलट उत्तर दिलं असतं. राग नव्हता. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं जड भांडं काढून घ्यावं, तसं तो बोलला होता. मैनाबाईचं वय त्रेपन्न होतं.

खुशालराव भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मीही केला होता एक सौदा. तीस वर्षं झाले, अजून आयकून राह्यलो." कोणी हसलं नाही. पण मैनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

पैसे गेल्याचं दुःख तिला होतंच. त्यातली थोडी रक्कम पुढे ज्या खात्यात गेली तिथं अडकवून ठेवली आहे, कोर्टाच्या हुकमानं मिळू शकेल, असं नंतर कळलं, बाकीची गेली. काकडी पुन्हा लावता येते, निशिगंध पुन्हा फुलतो. पण सौदा एकदा मुलाकडे गेला, की धुऱ्यावर आलेला व्यापारी तिच्याकडे पाणी मागेल आणि भाव मुलाला विचारेल. हे तिला सोसणार नव्हतं. आणि ते टाळायला काय करावं, हेही तिला त्या दिवशी सुचत नव्हतं.

गावात बातमी पसरली ती वेगळीच होऊन. मैनाबाईला कोणी तरी बक्षिसाचं सांगितलं, ती भुलली, पैसे भरले. दुसऱ्या सकाळी नळावर एका बाईनं विचारलंच, की कोणती लॉटरी लागली होती म्हणे.

"लागली असती त तुले नसतं बोलावलं काय पेढे खाले?" मैनाबाई म्हणाली आणि घागर उचलून निघाली. पण घरी येईपर्यंत तिचं अंग तापलं होतं. लबाडाला आपण ओळखलं नाही हे तिला कबूल होतं. पण लोक म्हणत होते तशी ती कशाला भुललीच नव्हती.

दुपारी दीपमाला तिच्याजवळ येऊन बसली. तिनं उपदेश केला नाही. फक्त दाखवलं, की पैसे आल्याचा संदेश कोणीही लिहून पाठवू शकतो, म्हणून संदेश वाचायचाच नाही, सरळ खातं उघडून शिल्लक पाहायची. आधी किती होती, आता किती आहे. फरक पडला तर आले. "तुमी झाडावर बोंडं पाह्यल्याशिवाय भाव सांगत नाई न, आत्याबाई," ती म्हणाली, "तसंच." मैनाबाईनं ते स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बँकेत जाऊन नंबर बदलायचं कुंदननं दोनदा काढलं, तेव्हा ती म्हणाली, दसरा होऊ दे.

लेखी तक्रारीसाठी दोघं मायलेक अकोल्याला पोलीस ठाण्यात गेली. चष्मा लावलेला एक हवालदार संगणकावर दोन बोटांनी टाइप करत होता. त्यानं सगळं नीट विचारलं, मधे पाणी दिलं, आणि शेवटी लिहिलेलं वाचून दाखवलं. अज्ञात इसमानं जादा पैशाचं आमिष दाखवलं व फिर्यादी त्या आमिषाला बळी पडली, असं त्यात होतं.

मैनाबाईनं सहीसाठी घेतलेला पेन टेबलावर ठेवला.

"आमिष नोका लिहू, भाऊ."

"बाई, या केसमंदी असंच लिहितात. सगळ्याइचं असंच असते."

"सगळ्याइचं असंन. मले कोनं काई दाखवलं नाई. मले वाटलं त्याचे पैसे चुकून माह्याकडे आले. त्याचे त्याले वापस देल्ले मी."

मागे बाकावर पाच-सहा माणसं खोळंबली होती. कुंदननं हळूच तिच्या कोपराला हात लावला. "आई, सही कर न. काय फरक पडते?"

"तुले नाई पडत," ती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "मले पडते."

हवालदारानं चष्मा काढला. चुकून आलेले पैसे परत करायला एवढी घाई काय होती, एक रात्र थांबता आलं नसतं का, असं त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तिनं सांगितलं. दोन तोडे, इसार, दिवस मावळणं, पार्बताबाई. हवालदार धामणगाव रेल्वेकडचा निघाला. त्याचा आजा कापसाच्या बाजारात दलाली करायचा, तिथंही असंच काही होतं, बोलण्यावर गाड्याच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या, असं तो म्हणाला. बाकावरची माणसं आता खोळंबल्यासारखी दिसत नव्हती, ऐकत होती. त्यानं ती ओळ पुसली आणि नवी लिहिली: जादा आलेली रक्कम मूळ मालकास परत करण्याच्या हेतूनं फिर्यादीनं पैसे पाठवले. मैनाबाईनं ती त्याच्याकडून एकदा वाचून घेतली आणि मग एकदा स्वतः वाचली. सही केली ती पूर्ण नावाची.

निघताना हवालदार कुंदनला म्हणाला, "माय पक्की हाये राजा तुही." कुंदननं नुसती मान हलवली. पण बाहेर येऊन त्यानं गाडी सुरू केली, ती लगेच पुढे घेतली नाही. काही तरी बोलावं की नाही असं त्याचं चाललं होतं.

तिनं त्याला घरी न जाता गाडी मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात घ्यायला लावली. पार्बताबाईला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

पार्बताबाई गल्लीच्या तोंडाशी आपल्या जागी बसली होती. मांडीवर फुलांची टोपली, दातात दोरा. वयानं मैनाबाईहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनं कुंदनसाठी शेजारून चहा मागवला आणि सगळी हकिगत हार ओवता ओवता ऐकली. शेवटी गाठ मारली, दोरा तोडला आणि म्हणाली, "माह्या दिवायीसाठी पंचेचाळीस हजार? अवं माय, तेवढ्यात त मले या गल्लीत सोन्याचं तोरन लावता आलं असतं."

मैनाबाईला हसू आलं, त्या चार दिवसांत पहिल्यांदा.

मग पार्बताबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, की तुझं एवढं नुकसान झालं आहे, दिवाळीला बाहेरचे व्यापारी दुप्पट भाव देतात. तुला त्यांना द्यायचा असेल तर दे. आपल्यात इसार कधी झालाच नव्हता. मी पातूरच्या बाजारातून घेईन कुठून तरी. वाईट नाही वाटून घेणार.

कुंदन ग्लास हातात धरून ऐकत होता.

त्याला आठवत असेल-नसेल, पण मैनाबाईला ते वर्ष चांगलं आठवत होतं, मंदिरं कुलुपात होती ते. दिवाळी आली तरी उघडली नव्हती. झेंडू झाडावर पिकून काळा पडायला लागला होता आणि एकही व्यापारी फोन उचलत नव्हता. तेव्हा पार्बताबाईनं तिचा अख्खा तोडा उचलला होता. देवाला हार नव्हते तर तिनं दारांना तोरणं केली. दोन सुना घेऊन हातगाडी ढकलत जुन्या शहरातल्या गल्ल्या फिरली, तोंडाला पदर बांधून. ठरलेले पैसे दिले, एक रुपया कमी केला नाही. त्या दिवाळीपासून तो तोडा तिचा होता. मैनाबाईनं तसं म्हटलं होतं, आणि दोघींना ते पुरलं होतं.

"दुसऱ्याले देऊ?" मैनाबाई म्हणाली. "मंग माहे पैसे गेले कायच्यासाठी?"

पार्बताबाईनं पुढची सुई ओवायला घेतली. तिला बराच वेळ धागा नेढ्यात घालता आला नाही.

घट बसले त्या दिवशी सकाळी कुंदननं सुट्टी घेतली. अमरावतीचे नत्थुजी म्हणून एक फुलांचे मोठे व्यापारी वावर पाहायला येणार होते. फोनवर त्यानंच ठरवलं होतं. आज मी बोलतो, एवढंच त्यानं आईला सांगितलं, आणि घरचे पांढरे कपडे बदलून शर्ट-पँट घालून धुऱ्यावर जाऊन उभा राहिला. मैनाबाई वावरात गेली आणि दहा-बारा ओळी सोडून गवत उपटत बसली. खुशालराव तिच्या शेजारच्या ओळीत होता. त्याच्या हातापेक्षा कान जास्त चालले होते.

नत्थुजी गाडीतून उतरले. जाड, पांढऱ्या मिशा, चालताना एक पाय जरा ओढत. ते फुलाला हात न लावता ओळीओळीतून फिरले, एकदा खाली वाकून खोड पाहिलं, आणि म्हणाले, की माल चांगला आहे. त्यांना दोन्ही तोडे पाहिजे होते. दोन्हींचे मिळून त्यांनी जो भाव सांगितला, तो ऐकून खुशालरावाचा हात गवतावरच थांबला. इसारही मोठा देणार होते. गेलेल्या पैशांचा खड्डा त्यात जवळजवळ बुजला असता.

कुंदननं हो म्हणायला तोंड उघडलं आणि कशी कोण जाणे, त्याची नजर वावरात वळली.

मैनाबाई उभी राहिली होती. हातातलं गवत तिनं धुऱ्यावर टाकलं, पदरानं हात पुसत ती जवळ आली, नत्थुजींना रामराम केला. म्हणाली, "दसरा घ्या भाऊ. दिवायी देल्लेली हाये."

"कोनाचा इसार हाये त्याच्यावर?" नत्थुजींनी विचारलं.

"इसार नाई घेतला."

"मंग सौदा कायचा, बाई?"

"माह्या तोंडचा."

नत्थुजींनी कुंदनकडे पाहिलं. कुंदनचे कान लाल झाले होते. तो आईला बाजूला घेऊन जाऊ पाहत होता, पण ती जागची हलली नाही, म्हणून त्याला तिथंच बोलावं लागलं, खालच्या आवाजात. पार्बतामावशीनं स्वतःहून सोडला आहे तोडा. माझ्यासमोर म्हणाली ती. मग तू कशाला धरून बसली?

"तिनं सोडला," मैनाबाई म्हणाली. "म्या नाई सोडला."

"आई, एवढे पैसे गेले आपले. आता भरून निघून राहिले त..."

"कुंदन," ती म्हणाली. "त्या चोट्ट्यानं पैसे नेले. बाकीचं सगळं अजून माह्याजवळ हाये. ते तू काहून देऊन राहिला?"

वाऱ्यानं झेंडूचा वास आला, उग्र, कडसर. रस्त्यावरून एक एसटी गेली. नत्थुजी मिशीवरून बोट फिरवत होते. घरच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखं त्यांना आधी अवघडलं होतं. आता ते मैनाबाईकडे नीट पाहत होते, मघाशी खोड पाहिलं होतं तसं.

"नुसत्या दसऱ्याचा भाव कमी बसंन, बाई," ते म्हणाले.

"काहून? दिवायी नाई म्हनून दसऱ्याची फुलं लहान झाली काय?"

खुशालराव ओळीत तोंड फिरवून हसला. मग दोघांची जुंपली. नत्थुजींनी अमरावतीच्या बाजारात यंदा झेंडू फार आला असल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, फार आला तर भाऊ एवढ्या लांब डिझेल जाळत कशाला आले. त्यांनी मजुरी काढली, गाडीभाडं काढलं. तिनं एका झाडाची फांदी हातावर धरली आणि त्यांना कळ्या मोजायला लावल्या. कुंदन दोघांच्या मधे उभा होता आणि एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे पाहत होता. लहानपणी तो याच धुऱ्यावर बसून हे ऐकायचा, पण एवढ्या जवळून त्यानं ते आज बऱ्याच वर्षांनी ऐकलं. कृषी केंद्रात गिऱ्हाइकानं दोनदा भाव कमी करा म्हटलं की तो गडबडायचा. आई गडबडत नव्हती. ती मधेच गप्प बसत होती, आणि ती गप्प बसली की नत्थुजी थोडे वर सरकत होते.

भाव ठरला. तिनं मनात धरला होता त्याहून थोडा वरच. इसार दहा हजार ठरला.

नत्थुजींनी फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "नंबर कोनाचा टाकू?"

त्यांनी विचारलं होतं ते कुंदनला, कारण ठरवून बोलावलं होतं त्यानं. कुंदनच्या हातात त्याचा फोन होता. मैनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती कमरेचा पदर खोचत होती आणि तो तिला नीट खोचता येत नव्हता.

कुंदननं फोन खिशात ठेवला.

"आईचा टाका," तो म्हणाला, आणि आईचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला. नत्थुजींना एक आकडा नीट ऐकू आला नाही, तो त्यानं पुन्हा सांगितला.

मैनाबाईचा फोन बटव्यात वाजला. तिनं तो काढला, संदेशाकडे पाहिलंही नाही, आणि विहिरीकडच्या उंच धुऱ्यावर निघाली. वावरात खाली तिच्या फोनला इंटरनेट धड मिळत नसे. नत्थुजींना कळेना, ही कुठं चालली. त्यांच्या फोनवर तर पैसे गेल्याची हिरवी खूण केव्हाच आली होती. त्यांनी फोन हात लांब करून कुंदनला दाखवला. हे पाहा, झालं न, आता कशाची वाट पाहायची, मला पुढे अजून दोन वावरं पाहायची आहेत.

"थांबा, नत्थुजी," कुंदन म्हणाला. "आई पाहून राहिली."

नत्थुजी थांबले. गाडीचा ड्रायव्हरही दार उघडून बाहेर आला आणि उन्हाला हाताची सावली करून धुऱ्याकडे पाहू लागला. वर मैनाबाई फोन डोळ्यांजवळ धरून उभी होती. तिनं गुप्त आकडा टाकला, आधीची शिल्लक आठवली, आताची वाचली, पुन्हा एकदा वाचली. दहा हजार. ना कमी, ना जास्त. मग तिनं फोन बटव्यात ठेवला, बटव्याची नाडी ओढली, आणि सगळे खाली तिच्यासाठी थांबलेले असताना, पायाखालचं ढेकूळ सांभाळत, आपल्या चालीनं खाली येऊ लागली.